परक्या देशातील एकटी मुले आणि त्यांचे पालनकर्ते

निर्वासितांचा विचार करताना मुलांची गणना आपण बहुधा कुटुंबातच करतो. आई-वडील सीमा ओलांडतात आणि त्यांचे बोट धरून मूलही ती ओलांडते, असे चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु सीमा ओलांडणाऱ्यांत असाही एक वर्ग आहे, की ज्याचे बोट धरणारे कोणी नसते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा (यांत मुलींचे प्रमाण बरेच कमी आहे) आपल्या गावाहून निघतो, दोन-तीन देश आणि एखादा समुद्र पार करतो आणि ज्या देशाची भाषा त्याने कधी ऐकलेली नाही, त्या देशाच्या धक्क्यावर उतरतो. त्याला अन्न, अंथरूण-पांघरूण आणि औषध पुरवणे हे काम तुलनेने सोपे आहे. कोणतेही सुस्थितीतील राष्ट्र मनात आणले तर ते करू शकते. अवघड प्रश्न त्यानंतर सुरू होतात. या मुलाच्या वतीने सही कोणी करावयाची? त्याने शाळेत जावे की कामावर, हे कोणी ठरवावयाचे? तो आजारी पडला तर रुग्णालयाने निरोप कोणाला धाडावयाचा?

असे मूल अनाथच असते असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. अनेकांचे आई-वडील, निदान दोहोंपैकी एक, हयात असतात. पुष्कळदा त्यांनीच कर्ज काढून मुलाला वाटेला लावलेले असते. 'एकटे' या शब्दाचा येथील अर्थ एवढाच, की कायद्याने अथवा रूढीने ज्याच्यावर त्या मुलाची जबाबदारी आहे असा एकही प्रौढ मनुष्य त्याच्याबरोबर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कुटुंबापासून दुरावलेल्या मुलांच्या संरक्षणाचे कलम आहे. त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००५ साली अधिक स्पष्टपणे सांगितले, की असे मूल आढळताच शक्य तितक्या लवकर त्याच्यासाठी पालक नेमला पाहिजे.

आपल्या जुन्या कायदेशीर मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्तीस 'अज्ञान' म्हणण्याची रीत आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'अ. पा. क.' ही अक्षरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना त्यांचा अर्थ 'अज्ञान पालनकर्ता' असा होतो हे ठाऊक असेल. ज्याने सहाराचे वाळवंट मालमोटारीच्या टपावर बसून ओलांडले, लीबियातील कोंडवाड्यात काही महिने काढले आणि रबरी होडीतून भूमध्य समुद्र पार केला, त्या मुलाला अज्ञान म्हणताना लेखणी अडखळते. परंतु 'पालनकर्ता' हा शब्द मात्र येथे नेमका लागू पडतो. तो जन्मदाता नव्हे, दत्तक पिता नव्हे आणि सरकारी अंमलदारही नव्हे. दुसऱ्याचे हित स्वतःच्या हाती ठेव म्हणून घेतलेला मनुष्य, असा त्याचा अर्थ आहे.

ही कल्पना जितकी साधी वाटते, तितक्या सहजपणे ती अमलात आलेली नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंच्या घरांवर व प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले. त्यानंतर ब्रिटनने ज्यू मुलांना आई-वडिलांशिवाय देशात येऊ देण्याचे मान्य केले. २ डिसेंबर १९३८ रोजी सुमारे दोनशे मुलांची पहिली तुकडी हार्विच बंदरात उतरली. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू होऊन हा मार्ग बंद पडेपर्यंत सुमारे १०,००० मुले ब्रिटनमध्ये पोहोचली होती. हे कार्य थोर होते यात शंका नाही. त्यातील बहुसंख्य मुलांचे मागे राहिलेले आई-वडील पुढे जिवंत उरले नाहीत. तथापि मुलांना वाचवणे आणि मुलांना वसवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हेही या प्रसंगातून दिसून आले. ज्यांच्यासाठी आधीच घर ठरलेले नव्हते, त्यांना हार्विचजवळच्या डोव्हरकोर्ट येथील उन्हाळी सुटीच्या छावणीत कडाक्याच्या थंडीत ठेवण्यात आले. तेथे मुले जेवावयास बसली असता त्यांना घरी नेऊ इच्छिणारी कुटुंबे येऊन त्यांना पाहून जात. लहान आणि गोंडस मुले लवकर निवडली गेली. मिसरूड फुटू लागलेले मुलगे मागे राहिले. १९४० मध्ये सोळा वर्षांवरील अनेक मुलांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरवून स्थानबद्धही करण्यात आले.

या मुलांचा कायदेशीर पालक कोण, या प्रश्नाला पहिली पाच-सहा वर्षे स्पष्ट उत्तरच नव्हते. १९४४ मध्ये ब्रिटिश संसदेने त्यासाठी खास कायदा केला आणि या कार्याच्या मध्यवर्ती संस्थेचे अध्यक्ष लॉर्ड गॉरेल यांना पालक नेमण्यात आले. एक सद्गृहस्थ हजारो मुलांचे पालक झाले! कायद्याची अडचण त्यामुळे दूर झाली. परंतु त्यांतील बहुतेक मुलांनी आपल्या पालकाचे तोंडही पाहिले नसणार.

त्याच युद्धकाळात आपल्या देशात एक अगदी निराळा प्रयोग झाला. सोव्हिएत रशियातील हद्दपारीतून सुटून आलेल्या पोलिश मुलांसाठी जामनगरजवळ बालाचडी येथे, तेथील महाराजा जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या आश्रयाने, १९४२ मध्ये छावणी उघडली गेली. दुसऱ्याच वर्षी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध यांची वसाहत उभी राहिली. ती १९४८ पर्यंत टिकली. येथे मुले घराघरांत विखुरली गेली नाहीत. त्यांच्या शाळा पोलिश भाषेत चालत, प्रार्थनामंदिर त्यांचे स्वतःचे होते, बालवीरांची पथके होती. या मुलांनी भारतीय व्हावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. युद्ध संपले की ती परत जातील, असे गृहीत धरलेले होते. म्हणून या उदाहरणाची तुलना पुढील विवेचनाशी पूर्णपणे करता येत नाही. परंतु आपल्या भाषेत रागावणारे आणि आपल्या भाषेत समजूत घालणारे प्रौढ मनुष्य जवळ असणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे वळिवड्याच्या वसाहतीकडे पाहून कळते. इंग्लंडमधील कित्येक लहान मुले दोन-तीन वर्षांत आपली मातृभाषा विसरून गेली होती.

आजच्या काळातील या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण इटलीचे आहे. २०१६ या एकाच वर्षात तेथे समुद्रमार्गाने २५,८४६ एकटी मुले उतरली. गांबिया, गिनी, आयव्हरी कोस्ट, एरिट्रिया, इजिप्त, बांगलादेश अशा नाना देशांची ती होती. बहुसंख्य सोळा-सतरा वर्षांची. सिसिलीसारख्या गरीब प्रांतावर याचा भार सर्वाधिक पडला. त्या वेळची पद्धत अशी होती, की ज्या गावात मूल राहत असेल, तेथील महापौर अथवा नगरपालिकेचा समाजकल्याण अधिकारी यांनाच न्यायालय बहुधा पालक नेमत असे. अशा एकेका अधिकाऱ्याच्या नावावर डझनावारी मुले असत. कागद टेबलावर येई, सही होई, कागद पुढे जाई. सही करणाऱ्याला ते मूल उंच आहे की ठेंगणे, हेही सांगता आले नसते. लॉर्ड गॉरेल यांचीच ही लहान आवृत्ती म्हणावयाची.

७ एप्रिल २०१७ रोजी झालेल्या ४७ क्रमांकाच्या कायद्याने ही स्थिती बदलली. त्याच्या पुरस्कर्त्या खासदार सांद्रा झाम्पा यांच्या नावाने तो ओळखला जातो. एकट्या मुलाला सीमेवरून परत पाठवण्यास या कायद्याने मनाई केली, वयाविषयी संशय राहिल्यास त्यास अल्पवयीन समजावे असे सांगितले. आणि या प्रकरणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे म्हणजे, सामान्य नागरिकाला अशा मुलाचा पालक होण्याची वाट मोकळी केली. त्याला इटालियन भाषेत 'तुतोरे वोलोंतारिओ', म्हणजे स्वयंसेवी पालक म्हणतात. शिक्षिका, निवृत्त लिपिक, दुकानदार, वकील, कोणीही अर्ज करावा. प्रांताच्या बालहक्क-रक्षकाच्या कार्यालयाकडून त्याची निवड होते, त्याला प्रशिक्षण दिले जाते आणि बालन्यायालयातील यादीत त्याचे नाव नोंदवले जाते. प्रशिक्षणात स्थलांतराची कारणे, कायदा, आणि मुलांचे मानसिक व शारीरिक आरोग्य या तिन्ही अंगांचा समावेश असतो. एका पालकाकडे सामान्यतः तीनपेक्षा अधिक मुले देऊ नयेत, असे बंधन कायद्यानेच घातले आहे. माझ्या मते या कायद्यातील सर्वांत शहाणपणाचे वाक्य हेच होय. तीन मुलांची नावे, आवडीनिवडी आणि परीक्षेच्या तारखा कोणताही मनुष्य ध्यानात ठेवू शकतो. साठ मुलांच्या नाही.

मुलगा या पालकाच्या घरी राहत नाही, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. तो वसतिगृहवजा केंद्रात राहतो. त्याचा खर्च शासन करते. पालकाला स्वतःचा पैसा खर्चावा लागत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो त्या मुलाचा प्रतिनिधी असतो. आश्रयाच्या अर्जावर, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर, शाळेच्या प्रवेशपत्रावर सही त्याची. अधिकाऱ्यांनी मुलाची मुलाखत घेतली तर शेजारच्या खुर्चीवर तो बसतो. परंतु सही हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे.

पहिली भेट बहुधा केंद्रातील एखाद्या खोलीत, दुभाष्याच्या उपस्थितीत होते. मुलाने याआधी पोलीस, डॉक्टर, वकील, समाजसेविका अशा पाच-सहा जणांना आपली हकीकत सांगितलेली असते, आणि प्रत्येकाने ती लिहून घेतलेली असते. समोर बसलेली ही प्रौढ बाई काही लिहून घेत नाही, हे पाहून तो बुचकळ्यात पडतो. (स्वयंसेवी पालकांत स्त्रियांची संख्या बरीच अधिक आहे.) 'ही पोलिसांची माणूस आहे काय? हिला पगार मिळतो काय? नसेल तर ही आली कशाला?' हे त्याचे प्रश्न अगदी रास्त आहेत. वाटेत त्याला जे जे मदत करावयास आले, त्यांतील बहुतेकांनी पैसे मागितलेले होते. अनुभवी पालक या भेटीत प्रवासाविषयी अवाक्षरही विचारीत नाही. काय खायला आवडते, फुटबॉल खेळतोस काय, जोडे पायाला होतात काय, एवढेच विचारून ती पुढच्या भेटीचा वार व वेळ सांगते आणि त्या वारी त्या वेळी येते. विश्वास या नावाची जी वस्तू आहे, ती वेळेवर येण्यातून तयार होते; दुसरा मार्ग उपलब्ध नाही.

त्यानंतरचा काळ बारीकसारीक कामांत जातो, आणि या बारीकसारीक कामांतच नवा देश मुलाला समजू लागतो. दवाखान्यात नाव नोंदवावयाचे, करखात्याचा ओळखक्रमांक काढावयाचा, बसचा पास घ्यावयाचा, वाण्याच्या दुकानात ओळख करून द्यावयाची. कचेरीत सकाळी नऊची वेळ दिली असेल तर साडेदहाला जाऊन चालत नाही, आणि रांग असेल तर पुढे घुसल्याने काम लवकर होण्याऐवजी अजिबात होत नाही, या गोष्टी कोणत्याही पुस्तकात लिहिलेल्या नसतात. त्या देशात जन्मलेल्या मुलाला त्या आईच्या पाठीमागे हिंडता हिंडता कळतात. परक्या मुलाला त्या कोणीतरी बरोबर हिंडून दाखवाव्या लागतात.

सर्वांत मोठा झगडा होतो तो शाळेवरून. मुलाला काम हवे असते, आणि ते त्याच दिवशी हवे असते. यात आळस अथवा हट्ट नाही. गावाकडे जमीन गहाण पडलेली आहे, सावकार दारात येऊन बसतो, आणि दर रविवारी दूरध्वनीवर थोरला भाऊ विचारतो, 'पैसे कधी पाठवतोस?' बांगलादेशातून आलेल्या कित्येक मुलांची ही अवस्था असते. आपल्या वाचकांना ती फोडून सांगण्याची गरज नाही. उलट, इटलीत आठ वर्षांच्या प्राथमिक व निम्न-माध्यमिक शिक्षणाचे प्रमाणपत्र हाती नसेल, तर धंदेशिक्षणाचे दरवाजे बहुतांशी बंद राहतात. सोळा वर्षांवरील मुले हे प्रमाणपत्र प्रौढशिक्षणाच्या सरकारी केंद्रांतून मिळवू शकतात. परंतु त्यासाठी आधी भाषा शिकावी लागते. म्हणजे एक-दोन वर्षे हाती काही नाही. या वयात दोन वर्षे म्हणजे युगच. ती काढण्याऐवजी शेतावर अथवा हॉटेलच्या मोरीत चोरून काम करण्याचा मोह फार मोठा असतो. असे काम देणारेही टपूनच असतात, कारण अशा मुलाला मजुरी कमी दिली तरी तो तक्रार घेऊन जाणार कोठे?

येथे पालकाने काय करावे? नुसती बंदी घातली तर मुलगा एका रात्री केंद्रातून नाहीसा होतो. अशी नाहीशी झालेली मुले इटलीत हजारोंच्या संख्येने आहेत. काही पुढे फ्रान्स-जर्मनीकडे नातलगांच्या शोधात गेली, काहींचे काय झाले त्याचा पत्ता नाही. म्हणून शहाणा पालक वाद घालण्याऐवजी हिशेब मांडतो. प्रमाणपत्र असलेल्याला बेकरीत अथवा गॅरेजमध्ये उमेदवारी करताना किती विद्यावेतन मिळते, नंतर पगार किती, आणि चोरून काम करणाऱ्याला अठरावे वर्ष लागताच परवान्यासाठी काय दाखवता येईल, हे कागदावर आकडे लिहून दाखवतो. मुलाची संमती असेल तर दुभाष्याच्या साह्याने घरच्यांशी बोलतो. दूरच्या खेड्यातील बापाला, 'तुमचा मुलगा शाळेत जातो म्हणून पैसे येत नाहीत. तो तुम्हाला विसरलेला नाही' हे एका वडीलधाऱ्या माणसाने सांगणे याला मोल आहे. त्या एका संभाषणाने मुलाच्या छातीवरचा धोंडा पुष्कळदा हलका होतो.

या कामात उतरणाऱ्या भल्या माणसांचे पाय घसरण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. पहिली जागा दयेची. मुलाचे हाल ऐकून पालक विरघळतो, त्याला भारी दूरध्वनी घेऊन देतो, आणि केंद्रातील इतर मुलांत त्याला एकटे पाडतो. दुसरी कृतज्ञतेच्या अपेक्षेची. सोळा वर्षांचा मुलगा, मग तो कोणत्याही देशाचा असो, आभार मानण्यात कसूरच करतो. भेटीला येत नाही, तोंड फिरवून बसतो. त्याचा राग पालकावर निघतो, कारण राग काढण्याइतके जवळचे दुसरे कोणी त्याच्यापाशी नाही. तिसरी जागा अधिक नाजूक आहे. काही मुले पालक बाईला 'मम्मा' म्हणू लागतात. ते ऐकून कोणाचेही मन हेलावेल. पण त्याची आई कोठेतरी जिवंत आहे आणि त्याच्या दूरध्वनीची वाट पाहत आहे. हाक नाकारू नये आणि जागा मात्र घेऊ नये, ही कसरत प्रशिक्षणवर्गात शिकवून येत नाही.

इतर देशांनी निराळे मार्ग चोखाळले आहेत. नेदरलँड्समध्ये 'निडोस' या राष्ट्रीय संस्थेचे पगारी, प्रशिक्षित कर्मचारी अशा मुलांचे पालकत्व सांभाळतात. स्वीडनच्या कायद्यात अशा प्रतिनिधीला 'गूद मान' म्हणजे शब्दशः 'भला माणूस' असे नाव आहे. त्याला थोडा मोबदला मिळतो. २०१५ साली त्या छोट्या देशात ३५,००० हून अधिक एकटी मुले आली, निम्म्याहून अधिक अफगाणिस्तानची, तेव्हा इतके भले मनुष्य आणावेत कोठून, हा खरोखरच शासनापुढील प्रश्न झाला. पगारी मनुष्याला कायदा अधिक ठाऊक असतो, तो रजेवर गेला तर बदली येतो आणि त्याच्या कामाची तपासणी करता येते. स्वयंसेवकाजवळ यांतील काही नसते. परंतु त्याच्याजवळ एक शेजार असतो. त्याचा मेहुणा सुतारशाळेत शिकवतो, त्याच्या मैत्रिणीची खोली भाड्याने द्यावयाची असते, त्याची मुलगी त्याच वर्गात असते. परका मुलगा या नात्यागोत्याच्या जाळ्यात अलगद येऊन बसतो, आणि कोणताही देश आतून पाहिला तर अशाच जाळ्यांचा बनलेला असतो. नियमाची बाजू पगारी मनुष्याने आणि शेजाराची बाजू स्वयंसेवकाने सांभाळावी हे उत्तम. दोहोंपैकी एकच मिळणार असेल, तर मी दुसऱ्याला निवडीन.

या सर्व व्यवस्थेत एक तारीख मुलाच्या डोक्यावर टांगलेली असते, ती अठराव्या वाढदिवसाची. ही तारीखही नेहमी खरी असतेच असे नाही. सुदानच्या यादवीतून पळालेल्या सुमारे ३,८०० तरुणांना २००० व २००१ मध्ये केन्याच्या काकुमा छावणीतून अमेरिकेत नेण्यात आले, तेव्हा त्यांतील कितीतरी जणांची जन्मतारीख १ जानेवारी अशी लिहिली गेली, कारण खरी कोणालाच माहीत नव्हती. ज्यांचे अंदाजे वय अठराच्या खाली धरले गेले, त्यांना कुटुंब व शाळा मिळाली; ज्यांचे वर धरले गेले, त्यांना भाड्याच्या घरात ठेवून काही महिन्यांत स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास सांगण्यात आले. एकाच वाटेने चालत आलेल्या दोन मित्रांत कारकुनाच्या लेखणीने असे अंतर पाडले.

इटलीत अठरावे वर्ष पूर्ण होताच पालकत्व संपते. अल्पवयीन म्हणून मिळालेला राहण्याचा परवाना शिक्षणाच्या अथवा नोकरीच्या परवान्यात बदलून घ्यावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने अशा रीतीने मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्याची मुदत एक वर्षापुरती मर्यादित केली. झाम्पा कायद्याच्या तेराव्या कलमात मात्र एक उपयुक्त तरतूद आहे. जो मुलगा स्वावलंबनाच्या मार्गावर आहे परंतु ज्याला आणखी आधार हवा, त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत समाजसेवा विभागाच्या देखरेखीत ठेवण्याचा आदेश बालन्यायालय देऊ शकते. हा अर्ज अठरा पूर्ण होण्यापूर्वी करावा लागतो. मुलाला ही तरतूद ठाऊक असण्याचे कारण नाही आणि गर्दीने गजबजलेल्या केंद्राला तिची आठवण राहतेच असे नाही. ज्या पालकाच्या पंचांगात मुलाचा वाढदिवस चार महिने आधीपासून खुणावून ठेवलेला आहे, त्याचा मुलगा या तरतुदीचा लाभ घेतो. बाकीच्यांना केंद्र सोडावे लागते.

अठरानंतर कायद्याच्या दृष्टीने त्या दोघांचे एकमेकांशी काही नाते उरत नाही. पण घरमालक भाडेकरूकडे जामीन मागतो, मालक नव्या कामगाराकडे ओळखीचा मनुष्य मागतो आणि दवाखान्यातील नमुन्यावर 'निकडीच्या प्रसंगी कोणास कळवावे' असा रकाना असतो. पुष्कळ माजी पालक या तिन्ही ठिकाणी आपले नाव देत राहतात. काही शहरांतील संस्थांनी या वयाच्या तरुणांसाठी वेगळे मार्गदर्शक नेमण्यास सुरुवात केली आहे. त्यांच्याकडे सहीचा अधिकार नसतो. आठवड्यातून एकदा भेटावे, कागद वाचून दाखवावेत, गप्पा माराव्यात एवढेच त्यांचे काम. दरम्यान, एकेकाळी होडीतून आलेल्या काही मुलांनी भाषा आत्मसात करून दुभाष्याचा व्यवसाय पत्करला आहे. धक्क्यावर नवी तुकडी उतरली की त्यांना बोलावणे येते, आणि पालकाच्या पहिल्या भेटीच्या वेळी दोघांच्या मधल्या खुर्चीवर ते बसतात.